कंदिसाची पंचविशी सांगलीत वाजायला पाहिजे

२०२५ संपायच्या आत एकदा सगळ्यांनी बसून ऐकायचंच असं आमचं ठरलं होतं, आणि शेवटी जागा मिळाली ती मार्केट यार्डातल्या एका मित्राच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये. अकराजण होतो. इंडियन ओशन ह्या बँडचा 'कंदिसा' हा अल्बम आला २००० साली, म्हणजे पंचवीस वर्षं झाली, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी तो पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलेला, हॉस्टेलवर, एका कॅसेटवर सहा-सातजणांचा हक्क असायचा तेव्हा. पोत्यांच्या थप्पीवर दोन मोठे स्पीकर ठेवले, शटर अर्धं ओढलं, फोन खिशात टाकले आणि सातच्या सात गाणी सलग ऐकली, मध्ये कुणी बोलायचं नाही. बेस वाजला की पोत्यावरची बारीक पिवळी धूळ हलायची, ट्यूबलाइटच्या उजेडात ती हवेत दिसायची, आणि 'मा रेवा' चालू असताना आमच्यातला एकजण, दिवसभर लोकांची जीएसटीची रिटर्न भरणारा माणूस, डोळे मिटून पोत्यावर बोटांनी ताल धरून बसला होता. संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. मग एकजण म्हणाला की हे आपल्या गावात समोर बसून ऐकायला मिळालं पाहिजे राव, आणि तिथनं जी चर्चा सुरू झाली ती वॉचमननं बाहेरनं शटर वाजवलं तेव्हा थांबली, रात्रीचा एक वाजला होता.

त्या रात्री मी जे म्हणालो तेच इथं लिहितोय. कव्हरचा फोटो टाकून, खाली 'पंचवीस वर्षं, अजून तसाच ताजा' लिहून अल्बमचा वाढदिवस होत नाही. गाण्याचा वाढदिवस गाणं वाजवूनच करायचा असतो, आणि वाजवणारी माणसं आपल्या गावात आली पाहिजेत, पुण्यापर्यंत येऊन परत जाता कामा नयेत. ती येत नाहीत ह्याचं कारण 'सांगलीत असलं ऐकणारे नाहीत' असं सगळे सांगतात आणि ते मला साफ चुकीचं वाटतं. आपण बँडला जागा देत नाही आणि आपण तिकीट काढत नाही, खरी कारणं ही दोन.

ज्यांनी कंदिसा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिल्लीचा बँड, तेव्हा चौघंजण, सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गाणारे, राहुल राम बेस आणि आवाज, अमित किलम ड्रमवर. कंदिसा हा शब्दच सिरियाक भाषेतला आहे, अर्थ पवित्र, केरळातल्या सीरियन ख्रिश्चन लोकांच्या जुन्या प्रार्थनेतला. 'हिल्ले ले' ही गोरख पांडे यांची कविता. 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत, आणि राहुल राम हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात प्रत्यक्ष काम केलेला, त्याआधी अमेरिकेतनं पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आलेला. नर्मदा आपल्या राज्यात येते ती नंदुरबारच्या टोकाला, तिथं धडगाव-अक्कलकुव्याकडची गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, आणि हे गाणं ऐकताना मला ती गावं आठवतात. खरं सांगायचं तर २०१९ च्या ऑगस्टनंतर ते गाणं आम्हा सांगलीकरांना जास्तच लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, माझ्या मावशीच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी, आणि तीच मावशी पाणी उतरल्यावर घाटावर जाऊन कृष्णेची ओटी भरून आली. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या पाण्याला घाबरायचं, हे दोन्ही एकाच वेळी ज्या गावाला माहितीय त्या गावात हे गाणं एकदा तरी समोर उभं राहून म्हटलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता ह्यावर पहिला आक्षेप आमच्याच ग्रुपमधला, आणि तो मी हलक्यात घेत नाही. एकजण म्हणाला, अरे पण असीमदा २५ डिसेंबर २००९ ला गेले, सुस्मित सेन २०१३ ला बँडमधनं बाहेर पडले, चारातले दोन नाहीत, मग तू कुणाची वाट बघतोयस? जे ऐकायचं ते त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, ते तसंच राहू दे, उगाच नव्या माणसांकडनं जुनं वाजवून घ्यायचं आणि मग 'पहिल्यासारखं नाही' म्हणत घरी यायचं. तो हे बोलत होता तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता, कारण असीमदांना त्यानं २००३ च्या आसपास पुण्यात समोरनं ऐकलंय, आमच्यातला तो एकटाच.

मला त्याचं दुःख कळतं. पण सांगली-मिरजेच्या माणसानं असं म्हणावं हे मला पटत नाही. आपल्या गावाचं सगळं संगीत असंच तर जगलंय. हरिपूरच्या देवलांचं शारदा नाटक १८९९ सालचं, त्यातली पदं पहिल्यांदा म्हणणाऱ्या नटांचा आवाज आज जिवंत असलेल्या एकाही माणसानं ऐकलेला नाही, तरी ती पदं आजीकडनं आईकडं आणि आईकडनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये आली ना. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मिरजेत दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांची आठवण कशी करतात तर मीरासाहेबांच्या उरुसात संगीत सभा होते आणि मोठमोठे कलाकार येऊन गाऊन जातात. त्याला आपल्याकडं शब्द आहे, हजेरी लावणे. भाषण नाही, हार घालून फोटोसमोर दोन मिनिटं उभं राहणं नाही, समोर बसायचं आणि गायचं. तिथं कुणी म्हणत नाही की खाँसाहेब नाहीत मग कशाला गाता. उलट ते नाहीत म्हणूनच गायचं. मूळ आवाज कुणाच्या गळ्यात येत नाही हे गाणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, तरी त्या चार भिंतींत त्या रात्री जे होतं ते रेकॉर्डवर नसतं.

आणि ह्या बँडच्या बाबतीत तर लाइव्ह म्हणजे अल्बमनंतरची पुरवणी कधीच नव्हती. कंदिसाच्या आधीचा त्यांचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम म्हणजे दिल्लीत सहमत ह्या कलाकारांच्या संस्थेच्या कार्यक्रमात १ जानेवारी १९९७ ला जे वाजवलं त्याचंच रेकॉर्डिंग. स्टेजवर आधी, डिस्कवर नंतर. त्यांची गाणी ज्यांनी दोनदा लाइव्ह ऐकलीत ते सांगतील की एकच गाणं एकदा सात मिनिटांचं होतं आणि एकदा बाराचं. म्हणजे रेकॉर्डिंग हा त्या गाण्याचा एक दिवस झाला, अख्खं आयुष्य नव्हे. राहुल राम आणि अमित किलम अजून वाजवतायत, त्यांच्याबरोबरची तरुण माणसं वाजवतायत. ते जोवर वाजवतायत तोवर ऐकायला जाणं हे आपलं काम आहे, नाहीतर पुढं आपणच हळहळत बसणार.

ऐकणारे नाहीत म्हणणाऱ्यांना मी मिरजेत सतारमेकर गल्लीत न्यायला तयार आहे. माझी गिटार पावसाळ्यात फुगली आणि एक तार फ्रेटला लागून खरखरायला लागली, म्हणून एका चाचांकडं घेऊन गेलो. आयुष्यभर तंबोरे आणि सतारी केलेला माणूस. त्यांनी तार छेडली, कान गिटारच्या अंगाला लावला आणि हसले, म्हणाले, "आमचं सगळं आयुष्य ही खरखर आणण्यात गेलं आणि तू ती घालवायला आलाय होय." जवारी म्हणजे तीच, तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, कानशीनं घासून घासून असा उतार आणायचा की तार तिला हलकी चाटून गेली पाहिजे, मग तो भरलेला आवाज येतो. गिटारला तोच दोष. चाचा घोडी घासत असताना मी फोनवर कंदिसातलं एक गाणं लावलं, सहज, सांगितलं काहीच नाही. अर्ध्यावर त्यांनी कानस थांबवली. "हा तार उघडी सोडतोय," म्हणाले, "खाली एक सूर धरून ठेवलाय, तंबोऱ्यासारखा. कुठला आहे?" दिल्लीचा म्हटलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडं बातम्या आल्या, अभिमान वाटला, मलाही वाटला, पण ज्या गावात असला कान आहे त्या गावाला 'इथं चालणार नाही' म्हणून टाळलं जातं ह्याचा मला राग येतो.

बरं, मग जागा. पाच वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच कॉलेजच्या पोरांचा एक बँड घेऊन छोटा कार्यक्रम करायचं ठरवलं होतं आणि एका सभागृहाची चौकशी करायला मी स्वतः गेलो होतो. तारखा होत्या, भाडं पण परवडणारं होतं. कार्यक्रम काय म्हणून विचारलं, मी 'बँड' म्हटलं, आणि वही बंद झाली. बँडला देत नाही, खुर्च्या मोडतात, पोरं दारू पिऊन येतात, आवाजानं शेजारचे तक्रार करतात. मी म्हटलं अहो ड्रमसेट एक, गिटार दोन, आणि गाणारी एक मुलगी आहे. तर म्हणाले डॉल्बी नको. डॉल्बी नाहीच ओ म्हटलं, पण पटवून देऊ शकलो नाही, आणि कार्यक्रम शेवटी एकाच्या टेरेसवर झाला चाळीसजणांसमोर, आठ वाजता पाऊस आला आणि ॲम्प्लिफायरवर ताडपत्री टाकावी लागली.

ह्या डॉल्बीनं आमच्या भागात लाइव्ह संगीताचं जे नुकसान केलंय ते कुणी मोजत नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीनं छाती हादरते, म्हातारी माणसं दार लावून बसतात, लोकांचा वैताग शंभर टक्के खरा आहे आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. पण त्या वैतागात सगळ्या इलेक्ट्रिक वाद्यांना एकाच पोत्यात घालून टाकलंय. बँडच्या साउंडमध्ये एक माणूस मिक्सरवर फक्त एवढ्यासाठी बसलेला असतो की तबला गिटारखाली दबू नये आणि शब्द कळावेत. आवाज वाढवणं सोपं असतं, तोल धरणं अवघड. आणि कायदाही नीट स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचेच, योगायोगानं कंदिसाच्याच वयाचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, पण बंद सभागृहात आतल्या आत वापरायला सूट आहे. उघड्यावर लावला तर हद्दीपाशी आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, ह्यातलं जे कमी असेल त्याच्या आत राहिला पाहिजे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस सणांना जाऊ देत, आम्हाला नकोतच. सातला सुरू करून पावणेदहाला बंद करायचं, दारात डेसिबल मीटर घेऊन माणूस उभा करायचा, मर्यादा ओलांडली तर डिपॉझिट जप्त, आम्ही सही करून देतो. ह्या अटी हॉलच्या नियमावलीत लिहून टाकल्या तर 'बँड' ह्या एका शब्दावर वही बंद करायची वेळ येणार नाही. सांगली-मिरजेत नाट्यगृहं आहेत, लोकांच्या पैशातनं बांधलेली आहेत, नाटकाला आणि शास्त्रीय मैफलीला ती पहिल्यांदा मिळावीत हे मला मान्य आहे, पण महिन्यातले दोन दिवस तिकिटाच्या संगीताला, कुठल्याही प्रकारच्या, ठराविक दरात आणि आधी जाहीर केलेल्या तारखांना मिळावेत ही मागणी काय फार मोठी आहे का.

दुसरं कारण आपलं स्वतःचं आहे आणि ते सांगताना मला जास्त त्रास होतो. आपल्याला पासची सवय लागलीय. कार्यक्रम आला की पहिला प्रश्न पास कुणाकडं मिळतील. कुणीतरी नेता किंवा बिल्डर किंवा संस्था पैसे भरते, पुढच्या तीन रांगा सोफ्याच्या, सत्कार पाऊण तास, आणि गाणारा माणूस विंगेत उभा. फुकट मिळालेल्या खुर्चीवरनं माणूस मध्येच उठून जातो, कारण त्याचं काही गेलेलं नसतं. आणि पैसे देणाऱ्याला जे आवडतं तेच वाजतं. रॉक बँडसाठी कोण पैसे भरणार?

सांगलीला हा धडा पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळालाय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर हे नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, म्हणून ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन. ते सगळे सांगतात. त्याच्या पुढचं फार कुणी सांगत नाही. १८५१ ला चिंतामणराव वारले, दरबाराचा आधार गेला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरायला लागले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून नाटक केलं. राजाश्रय गेला म्हणून नाटक मेलं नाही, ते प्रेक्षकाच्या खिशावर उभं राहिलं. मराठी नाटक आज आहे ते त्या तिकिटामुळं. मग ज्या गावातनं ती मंडळी निघाली त्या गावात आज तिकीट काढायला लाज वाटावी किंवा जिवावर यावं?

हिशोब करून बघा. सहाशे खुर्च्यांचा हॉल, चारशे रुपये तिकीट, भरला तर दोन लाख चाळीस हजार. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे त्या आमच्या रिटर्नवाल्या मित्रानंच सांगितलं. एवढ्या पैशात सगळं बसेल असा माझा दावा नाही, पण चार गावांनी मिळून करायचं ठरवलं, एक दिवस कोल्हापूर, एक सांगली, एक सातारा, एक सोलापूर, तर बँडचा प्रवास चार ठिकाणी वाटला जातो आणि साउंडवाला एकच लागतो. आज आम्ही काय करतो? पुण्याला शो असला की पाचजण गाडी करून सव्वादोनशे किलोमीटर जातो, टोल, डिझेल, जेवण, किंवा मध्यरात्री पुण्याहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून पहाटे मिरजेला उतरतो आणि तसेच कामावर जातो. माणशी दीड-दोन हजार सहज जातात, ज्यातले बँडला जातात पाचशे. ज्याच्याकडं दोन हजार नाहीत त्या पोरानं काय करायचं? बँडची सगळ्यात जास्त गरज त्याच पोराला असते, गिटार शिकणाऱ्या, यूट्यूबवर बोटं बघून बघून शिकणाऱ्या, ज्यानं अजून एकदाही ड्रम समोरनं ऐकलेला नाही.

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे शो झाले नवी मुंबईत आणि अहमदाबादला, अहमदाबादला एकेका रात्री लाखावर लोक, आणि मग सगळीकडं कॉन्सर्ट इकॉनॉमी हा शब्द आला, हॉटेलं भरली, विमानं भरली. चांगलं झालं, ज्यांना जमलं ते गेले. पण ही इकॉनॉमी नुसती स्टेडियमवर उभी राहत नाही. लाख लोकांसमोर वाजवणारा बँड कधीतरी दोनशे लोकांसमोर वाजवूनच तयार झालेला असतो, आणि ते दोनशे लोक जिथं बसतात तसले हॉल जिल्ह्याच्या गावांतच असतात.

फॅन लोकांना एक सांगायचंय, रागावू नका. बँडच्या प्रत्येक फोटोखाली 'सांगलीला कधी येणार' लिहिल्यानं ते येत नसतात. त्यांनी २०१० साली एक अख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला, महिन्याला एक गाणं, '१६/३३० खजूर रोड', दिल्लीतल्या ज्या बंगल्यात ते सराव करायचे त्याचा पत्ता. गाणी त्यांनी देऊन टाकली, त्यांचं पोट स्टेजवर चालतं. तेव्हा 'कधी येणार' असं विचारायच्या आधी आपल्याकडं हॉलची तारीख, साउंडवाल्याचं कोटेशन आणि पैसे भरलेल्या लोकांची यादी पाहिजे. नुसते 'इंटरेस्टेड' म्हणणारे नकोत, पैसे भरलेले पाहिजेत.

आम्ही त्या गोडाऊनच्या रात्रीनंतर एक वही केलीय. चारशे रुपये तिकीट धरून नावं घेतोय. सांगली, मिरज, कुपवाड, दोघं तासगावचे, एक बाई इस्लामपूरहून, त्यांनी स्वतः फोन केला आणि मुलीला पण आणते म्हणाल्या. पहिला अर्धा तास इथल्या पोरांचा बँड वाजवणार हे पण ठरलंय, ते टेरेसवाले, त्यातली गाणारी मुलगी आता नोकरीला लागलीय पण त्या दिवशी रजा टाकते म्हणाली. हॉल अजून नाही, तारीख नाही, बँडशी बोलणं त्याच्यानंतर.

वहीतली बाकीची सगळी नावं उधारीची आहेत, पैसे फक्त एकाचे आलेत. मागच्या आठवड्यात गिटार परत आणायला मिरजेला गेलो तेव्हा चाचांनी दुरुस्तीचे पैसे घेतले आणि गल्ल्यातनं आठशे रुपये काढून माझ्या हातात ठेवले, दोन तिकिटं, म्हणाले पुढची रांग बघ, मला डाव्या कानानं कमी येतं. ते आठशे रुपये गिटारच्या बॅगेत वरच्या कप्प्यात तसेच आहेत.